गळा नसला तरी चालेल

पाळकसाहेबांनी ती सूचना वाचली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. उपासनेच्या शेवटी ज्या सूचना होतात त्यांत माझ्या उपयोगाचं सहसा काही नसतं. स्त्रियांची सभा मंगळवारी आहे, तरुण संघाची सहल पुढे ढकलली आहे, कुणाची तरी छत्री राहिली आहे ती घेऊन जावी. (छत्री बहुधा माझीच असते, पण तेवढ्यासाठी मी कान देण्याची गरज नाही, ही देते.) 2016 सालच्या त्या ऑगस्टातल्या रविवारी मात्र शेवटची सूचना निराळी होती. "गायकवृंदात सामील होण्याचं सर्वांना आग्रहाचं निमंत्रण आहे. लहान-थोर सगळ्यांनी यावं. गाता आलंच पाहिजे असं नाही."

या शेवटच्या वाक्याबरोबर पुढच्या तीन बाकांवरची माणसं वळली आणि माझ्याकडे बघू लागली.

आता, माझ्या गळ्याची कीर्ती कल्याणात मी स्वतः पसरवलेली नाही. ती माझ्याआधी इथे येऊन राहिली होती. आम्ही मूळचे नगरकडचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. तिथे शब्बाथ शाळेत असताना नाताळच्या कार्यक्रमात मी मेंढपाळ होतो. मेंढपाळांनी एक गीत म्हणायचं होतं. तालमीच्या दुसऱ्या दिवशी गीत शिकवणाऱ्या बाई माझ्याजवळ आल्या, डोक्यावरून मायेने हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाळ, तू नुसते ओठ हलव हं." मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. वडीलधाऱ्यांचं ऐकावं अशी शिकवण होती; मी ऐकलं. पुढे पन्नासहून अधिक वर्षं मी देवळात नुसते ओठ हलवत आलो.

लोकांना वाटतं, ओठ हलवणं सोपं आहे. ज्याला वाटतं त्याने हलवून बघावेत. शब्द पाठ हवेत, श्वास घेण्याच्या जागा ठाऊक हव्यात, वरच्या सुराला भुवया किंचित वर जायला हव्यात. आमचं लग्न झालं त्यानंतर चार महिने हिला वाटत होतं की माझा आवाज फार हळुवार आहे. एका रविवारी ती माझ्या अगदी खांद्याला लागून उभी राहिली आणि हळुवारपणाचा उलगडा झाला. हिचा स्वतःचा गळा चांगला. ही गायकवृंदात पहिल्या रांगेत. आमच्या ख्रिस्ती बोलीत 'मंडळी' म्हणजे देवळातला सगळा समाज, आणि बाकीच्या मराठीत 'मंडळी' म्हणजे बायको. दोन्ही मंडळींनी मला एकाच वर्षी ओळखलं, एवढंच सांगतो.

या सूचनेमागे कारण होतं. आमचा गायकवृंद एके काळी बावीस जणांचा होता. त्यांतले काही बदलापूरला राहायला गेले, कारण जागा तिकडेच परवडते. काही पुण्याला गेले, कारण मुलगा तिकडे. दोघं ऑर्केस्ट्रात गेले, कारण तिकडे पैसे मिळतात. आणि चौघं माइकवरून गेले. माइक एकच होता. तो कुणाच्या तोंडासमोर किती असावा यावर दोन घरांत बोलणं बंद झालं ते अजून सुरू झालेलं नाही. उरले सात. सातांत पुरुष दोनच, एक आमचे दादा आणि दुसरे पेटीवाले मास्तर.

मास्तर हे पेशाने मास्तर नव्हतेच. रेल्वेच्या कारशेडमध्ये फिटर होते. पण पेटीला बसणाऱ्या माणसाला मास्तर म्हणायची आपली रीत आहे. लहानपणी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात एका बायबलबाईंनी त्यांना पेटी शिकवली. त्या बाई स्त्रियांच्या सभेत वाजवीत, म्हणून त्यांचा सूर काळी चार. मास्तरांनी जे काही शिकलं ते काळी चारमध्ये, आणि त्यानंतर साठ वर्षं जे काही वाजवलं तेही काळी चारमध्ये. बायकांना हा सूर सोईचा. पुरुषांचा गळा मात्र अंतऱ्याला तिथे पोचेपर्यंत दोनच वाटा उरतात : एक तर किंचाळावं, नाही तर मुकाट्याने खालच्या मजल्यावर राहायला जावं. आमच्या देवळातले पुरुष गात नाहीत, अशी पाळकसाहेबांची नेहमीची तक्रार. त्यात भक्ती किती कमी आणि काळी चार किती जास्त, याचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

दादांचा गळा मात्र काळी चारलाही पुरून उरणारा. ते शास्त्रीय शिकलेले. "गाता आलंच पाहिजे असं नाही" या वाक्याला त्यांचा पंच-मंडळीच्या बैठकीतच विरोध होता. "देवाला उत्तम ते द्यावं," त्यांचं म्हणणं. "अर्पणाच्या थैलीत आपण फाटकी नोट टाकतो का?"

"टाकतात," मास्तर म्हणाले. "दर रविवारी मीच मोजतो."

ठराव मंजूर झाला.

आता मी कबूल करतो की मी अगदीच मुका नव्हतो. देवळाबाहेर माझं एक गाणं चालू होतं, आणि ते कुणालाच, म्हणजे हिलाही, ठाऊक नव्हतं. तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहायचो. 1983 साली मी रोज सकाळची फास्ट लोकल धरायचो, व्ही. टी.पर्यंत. त्या गाडीच्या मधल्या एका डब्यात भजनी मंडळ असे. डोंबिवलीहून निघणाऱ्या माणसाला बसायला जागा मिळणं ही त्या काळीही दैवी घटनाच होती. एक दिवस ती घडली. मी बसलो, आणि शेजारच्याने माझ्या हातात टाळ दिले. विचारलं नाही, सांगितलं नाही, नुसते दिले. जागेचं भाडं असावं तसे. बुवा पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. मी त्यांना घाबरत घाबरत म्हटलं, "बुवा, मला गाता येत नाही."

"इथे कुणाला येतं?" बुवा म्हणाले. "गाडी सुटू द्या."

आठ दिवस मी टाळ वाजवले. तेही थोडे पुढे-मागे पडत, पण चाकांचा खडखडाट इतका की सगळं पोटात घ्यायचा. नवव्या दिवशी पारसिकचा बोगदा आला. 1916 सालचा हा बोगदा, लांबी 1.3 किलोमीटर, आणि त्या काळी फास्ट गाड्या त्यातूनच जात. बोगद्यात शिरल्याबरोबर असा आवाज व्हायचा की शेजारच्याने कानात ओरडून सांगितलं तरी 'काय?' म्हणावं लागे. मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी तोंड उघडलं आणि शब्बाथ शाळेपासून साठवलेलं सगळं बाहेर सोडलं. सव्वा मिनिट. पलीकडे उजेड दिसला की तोंड बंद. हा माझा रियाझ. कुणाचा रियाझ पहाटे असतो, कुणाचा खर्जात असतो, माझा दिवा आणि कळवा यांच्या मध्ये असे.

दोन महिन्यांनी एकदा बोगदा संपला आणि मला थांबायचं भान राहिलं नाही. डबाभर माझा आवाज ऐकू आला. मी चपापून थांबलो. बुवांनी डोळे न उघडताच हाताने खूण केली, 'चालू द्या.' आणि पुढची ओळ घेतली. बस्, एवढंच. पन्नास माणसांत एक सूर चुकला तर तो पन्नासांत वाटला जातो, प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार?

मी ख्रिस्ती आहे हे मंडळाला नाताळात कळलं. मी करंज्यांचा डबा घेऊन गेलो होतो. बुवांनी करंजी खाऊन विचारलं, "तुमच्यात अभंग असतात का हो?" मग ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत मी त्यांना रेव्हरंड टिळकांबद्दल सांगितलं. नारायण वामन टिळक, जन्म 1861, कोकणातल्या करजगावचे; 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, 'स्मृतिचित्रे'वाल्या, त्या बुवांना माहीत होत्या. टिळकांच्या आधी मराठी ख्रिस्ती देवळांतून बरीचशी गीतं इंग्रजी चालींवर म्हटली जात. चाल साहेबाची आणि शब्द आपले. त्यामुळे आघात भलत्याच अक्षरावर पडायचा आणि ऱ्हस्वाचं दीर्घ होऊन बसायचं. माझे आजोबा म्हणत, साहेबाच्या बुटात पाय घातल्यासारखं वाटायचं, चालता येतं पण आवाज फार होतो. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, कीर्तनाला हात घातला. जात्यावर बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईलाही म्हणता यावं असं गीत. 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक, त्यात टिळकांची गीतं इतकी आहेत की डोळे मिटून पान उघडलं तरी एखादं सापडावं. बुवांनी कागद मागितला. पुढच्या आठवड्यात टिळकांचा एक अभंग त्यांनी डब्यात घेतला, आपल्या चालीवर. गाडीतल्या कुणालाही तो कुणाचा हे विचारावंसं वाटलं नाही. मलासुद्धा तो आमच्या देवळापेक्षा तिथेच जास्त शोभला, पण हे मी पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही.

तर सांगायचं ते असं की गुरुवारी संध्याकाळी मी तालमीला गेलो. ही पुढे, मी मागे, जणू मी तिला सोडायला आलो आहे.

निमंत्रणावर आणखी चार माणसं आली होती. एक निवृत्त परिचारिका, आम्ही त्यांना सिस्टरमावशी म्हणतो. त्यांना दम्याचा त्रास, एका श्वासात अर्धी ओळ. एक हवालदार, ज्यांचा आवाज विसर्जनाच्या गर्दीत घडवलेला. एक नववीतला मुलगा, ज्याचा आवाज फुटत होता, त्यामुळे एकाच ओळीत बाप आणि लेक दोघं गात असल्याचा भास होई. आणि एक आजी, ज्यांना पुस्तकातली सगळी गीतं पाठ, पण सगळ्यांना चाल एकच, त्यांच्या माहेरची. पाचवा मी. जुन्या सातांनी आम्हां पाचांकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी गाडीत कर्जत लोकलमध्ये कल्याणला चढणाऱ्याकडे बघताना पाहिली आहे.

पाळकसाहेबांनी सुरुवातीला दोन शब्द सांगितले. जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाने 1761 साली गीतं म्हणण्याचे सात नियम छापले होते, ते त्यांनी वाचून दाखवले. सगळ्यांनी म्हणावं, असा एक नियम. अशक्तपणा वाटला, कंटाळा आला, तरी म्हणावं. पुढचा नियम, अर्धमेल्यासारखं म्हणू नये, जोरात म्हणावं. आणि त्याच्या पुढचा, इतक्याही जोरात ओरडू नये की बाकीच्यांचा आवाज दबेल. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडातही एक मी होतो आणि एक हवालदार होते. एकदम बरं वाटलं. मग त्यांनी ठाण्याची गोष्ट सांगितली. ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचं समर्पण 1825 साली बिशप हेबर यांनी केलं. हे हेबर स्वतः गीतं लिहिणारे. त्यांचं एक गीत आज जगभर म्हणतात. कलकत्त्याचे बिशप, दौरा करत ठाण्याला आले, आणि पुढच्याच वर्षी त्रिचनापल्लीला वारले. "त्यांनीही कुणाला गळा आहे का विचारलं नसेल," पाळकसाहेब म्हणाले. याला पुरावा नाही, पण तेव्हा कुणी मागितला नाही.

मास्तरांनी पेटी उघडली. आम्हांला वाटलं आता सा लावायला सांगणार आणि आमची धिंड निघणार. ते म्हणाले, "आज गायचं नाही. आज ऐकायचं." एक सूर धरून ठेवला. काळी चारच. आम्ही ऐकला. मग म्हणाले, "ज्याला सापडला त्याने म्हणा. ज्याला नाही सापडला त्याने शेजाऱ्याकडून उसना घ्या. परत करायची घाई नाही." असं तीन गुरुवार चाललं. चौथ्या गुरुवारी माझा सूर पेटीच्या इतक्या जवळून गेला की मास्तरांनी मान वर करून पाहिलं. पुन्हा लांब गेला, ते सोडा.

पुढे माझ्या वाचनात आलं की सूर खरोखरच ओळखता न येणारी माणसं, म्हणजे जन्मजात सूरबहिरी, फार थोडी असतात. पूर्वी शंभरात चार म्हणत, नव्या मोजणीत दीडच्या आसपास निघाली. उरलेले आपण नुसते भित्रे. ज्याला कुणी तरी कधी तरी 'ओठ हलव' म्हणालं तो भित्रा. मी हे दादांना वाचून दाखवलं. दादा म्हणाले, "दीड टक्का म्हणजे आपल्या मंडळीत तिघं. एक तुम्ही. बाकीचे दोन शोधा."

नाताळच्या उपासनेत मी पहिल्यांदा उघडपणे गायलो. गीत चांगलं झालं. पण तिसऱ्या कडव्यानंतर धृपद एकदाच घ्यायचं असं आयत्या वेळी ठरलं होतं आणि ते मला कुणी कळवलं नव्हतं. सगळे थांबले. पेटी थांबली. भरल्या देवळात मी एकटा दुसऱ्यांदा धृपदात शिरलो, आणि वेस्लीच्या नियमाप्रमाणे जोरात. अर्ध्या ओळीवर लक्षात आलं. आता थांबावं तर चूक कबूल केल्यासारखं होतं, आणि पुढे जावं तर पुढे दोन ओळी होत्या. मास्तरांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि पेटी धरली. मागून सिस्टरमावशी आल्या, आपली अर्धी ओळ घेऊन. मग ही आली, मग सगळेच. बाहेर पडताना दोन जणांनी मला सांगितलं की शेवटी एकट्या पुरुष आवाजात धृपद सोडायची कल्पना छान होती. मी नम्रपणे 'मास्तरांची' म्हटलं.

दादा मात्र दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. ते कुणाशी भांडले नाहीत. "मला त्रास होतो," एवढंच म्हणाले. मला याचं फार वाईट वाटलं, कारण त्यांचं खोटं नव्हतं. चांगल्या कानाच्या माणसाला बेसूर ऐकणं म्हणजे काय याची मला कल्पना येत नाही, पण ताटात खडा आला की मलाही कळतं. मी हिला म्हटलं, मी सोडतो, दादा परत येतील. ही म्हणाली, "ते गळ्यासाठी येत होते की देवासाठी, ते त्यांना ठरवू दे की." हे बरोबर होतं की कठोर, माझं अजून ठरलेलं नाही. दादांचं गाणं हीच त्यांची प्रार्थना होती, हेही तितकंच खरं.

मास्तर अडीच वर्षांनी गेले. जुलै महिना. सकाळी गेले, आणि माती दुपारी चारला ठरली. बाराला पाऊस असा लागला की कुर्ल्याला रुळांवर पाणी चढलं आणि गाड्या जिथे होत्या तिथे उभ्या राहिल्या. गायकवृंदातले कामाला जाणारे सगळे तिकडे अडकले. ही मुलीकडे पुण्याला होती. दफनभूमीवर छत्र्यांखाली तीस-पस्तीस माणसं जमली. गायकवृंदातले आम्ही तिघं : सिस्टरमावशी, माहेरच्या चालीच्या आजी आणि मी. हवालदार बंदोबस्ताला, मुलगा कॉलेजात. पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला, प्रार्थना केली आणि गीताचा क्रमांक सांगितला.

आणि कुणी काही सुरू करीना.

पेटी देवळात होती. तिला बसणारा इथे पेटीत होता. (हे वाक्य मी तेव्हाच मनात म्हटलं, मास्तर हसले असते.) सगळे इकडेतिकडे बघत होते. पाऊस छत्र्यांवर वाजत होता. मास्तरांची पत्नी खाली बघत उभी होती, आणि माझ्या मनात आलं की साठ वर्षं ज्या माणसाने लोकांना सूर दिला त्याची माती आता न गाताच होणार. मी बोगद्यात शिरल्यासारखा डोळे मिटून सुरू झालो.

सूर कुठला होता ते सांगता येणार नाही. काळी चार नक्की नव्हता. मला जिथे उभं राहता आलं तिथे मी उभा राहिलो. पहिल्या ओळीला आजी आल्या, आपली चाल बाजूला ठेवून, हे विशेष. दुसऱ्या ओळीला मागून पुरुष आले. एक नाही, दोन नाही, सगळे. वर्षानुवर्षं तोंड मिटून उभे राहणारे, रेल्वेवाले, बँकवाले, खड्डा खणणारा माणूस फावड्यावर हात ठेवून. त्यांना कुणी तरी पहिल्यांदाच त्यांच्या उंचीचा सूर दिला होता, आणि तो चुकून.

शेवटच्या कडव्याला दादा आले. गुडघ्यापर्यंत भिजलेले, ठाण्याहून मिळेल त्या वाहनाने आणि उरलेलं चालत. ते माझ्या शेजारी उभे राहिले. मला वाटलं आता वरचा सूर लावतील. त्यांनी माझाच धरला, अगदी हळू, माझ्या आवाजाखाली हात दिल्यासारखा.

माती टाकून परतताना त्यांनी विचारलं, "कुठल्या पट्टीत घेतलंत?"

"मिळाली तीत," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. फाटकाशी त्यांनी माझी छत्री मला आणून दिली. मी ती कबरीपाशी विसरलो होतो.

आता फास्ट गाड्यासुद्धा पारसिकच्या बोगद्यातून जात नाहीत. 2022 पासून त्या बाहेरच्या नव्या मार्गाने जातात, बोगदा लांबच्या गाड्यांना दिला. नवशिक्यांची एक चांगली सोय गेली. मी निवृत्त आहे, मला फरक पडत नाही.

मास्तर गेले त्याच्या पुढच्या गुरुवारी आम्ही जमलो. पेटीवर झाकण तसंच होतं. कुणी हात लावीना. मग दादाच बसले. भाता उघडला, सवयीने बोट काळी चारवर गेलं. ती पट्टी इतकी झिजली होती की तिच्यावर बोटाएवढा खळगा होता. दादा थोडा वेळ तसेच बसले. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आम्हां सगळ्यांकडे, हवालदारांपासून माझ्यापर्यंत, एक नि:श्वास सोडला, आणि बोट डावीकडे, खाली सरकवलं.